सुगरण ओळखायची कशी आणि तिचा खोपा वाचायचा कसा

सुगरणीचा खोपा पाहिला नाही असा माणूस गावाकडे सापडणार नाही. खोपा विणला जाताना पाहिलेली माणसं मात्र फार थोडी. आपल्या नजरेत खोपे भरतात ते दिवाळीनंतर, पानं झडल्यावर, आणि तोवर ते वाळून पिवळे पडलेले, रिकामे झालेले असतात. खरं काम चालतं जून ते सप्टेंबरच्या पावसात, जेव्हा आपण छत्री सावरत, चिखल चुकवत खाली बघून चालत असतो.

मी गेले काही पावसाळे एकाच विहिरीवरच्या एकाच बाभळीसमोर उभा राहत आलो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: दहा ठिकाणच्या सुगरणी एकेकदा बघण्यापेक्षा एकच झाड दर आठवड्याला बघावं. खोप्याचा रंग, त्याचं तोंड, त्याच्या नळीची लांबी यांवरून झाडावर काय घडून गेलं आणि काय चाललंय ते कळतं. ते कसं वाचायचं, ते हंगामाच्या क्रमाने सांगतो.

आधी पक्षी ओळखता यायला हवा

सुगरण चिमणीएवढी, साधारण १५ सेंटीमीटर लांब. विणीच्या हंगामातला नर ओळखायला अवघड नाही. डोक्यावर हळदीसारखी पिवळी टोपी, डोळ्यांभोवती आणि गळ्यावर काळपट तपकिरी बुरखा, जाड शंकूसारखी गडद चोच, पिवळी छाती. पाठीवर तपकिरी पिसांना फिकट कडा असतात, त्यामुळे पाठ रेघारेघांची दिसते. हे वर्णन आपल्याकडच्या पक्ष्याचं. ईशान्य भारत आणि म्यानमारकडच्या नराची छाती पिवळी नसून बदामी असते. पिवळेपणा डोक्यापुरताच राहतो. तिकडचा फोटो बघून गोंधळू नका.

खरी परीक्षा मादीची, आणि हिवाळ्यातल्या नराचीही, कारण हंगाम संपला की नर पिवळी पिसं टाकतो आणि दोघं सारखेच दिसू लागतात. मग बहुतेक जण त्यांना चिमण्या समजून पुढे जातात. वेगळेपण चोचीत आणि शेपटीत आहे. सुगरणीची चोच चिमणीपेक्षा जाड आणि बुडाशी भक्कम असते, शेपटी आखूड आणि टोकाला सरळ कापल्यासारखी. डोळ्यावरून बदामी रंगाची भुवई जाते आणि छाती-पोट बदामी, जवळजवळ बिनरेघांचं असतं. या बिनरेघांच्या छातीकडे नीट लक्ष द्या, कारण तिच्यामुळे पुढचा घोटाळा टळतो.

भारतात विणकर पक्ष्यांच्या चार जाती आहेत. सुगरणीखेरीज एक रेघाळ सुगरण, जिच्या छातीवर ठळक काळपट रेघा असतात. दुसरी काळ्या छातीची, जिच्या नराच्या छातीवर आडवा काळा पट्टा असतो. या दोघी पाणथळ जागी, पाणकणसात आणि उंच गवतात राहतात आणि खोपाही तिथेच, उभ्या गवताच्या काड्यांना धरून विणतात. चौथी जात फिनची सुगरण. ती आकाराने मोठी, हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत राहणारी आणि आज संकटात सापडलेली. तुम्ही पाहताय तो खोपा झाडाच्या फांदीच्या टोकाला मोकळा लोंबत असेल आणि खाली लांब नळी असेल, तर ती आपली नेहमीचीच सुगरण.

तिचं शास्त्रीय नाव प्लोसियस फिलिपायनस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६६ साली हे नाव दिलं तेव्हा पक्षी फिलिपिन्सचा असल्याचा समज होता. प्रत्यक्षात फिलिपिन्समध्ये ही सुगरण नाहीच. पाकिस्तानपासून भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार आणि पुढे सुमात्रा-जावापर्यंत तिचा वावर आहे. नावातली चूक अडीचशे वर्षं तशीच चालत आली.

मराठी नावानेही एक गैरसमज रुजवला आहे. सुगरण म्हटलं की विणणारी ती असणार असंच मनात येतं. विणतो तो नर. मादी शेवटी आतून थोडीफार डागडुजी करते, तेवढंच.

झाड मे महिन्यातच हेरून ठेवा

पाऊस पडल्यावर झाड शोधायला निघालात तर पहिले दोन आठवडे हातचे जातात. मे महिन्यात फिरा आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या खोप्यांचं झाड शोधा. वसाहत बहुधा त्याच झाडावर किंवा आसपास पुन्हा बसते. बाभूळ, शिंदी, ताड, नारळ ही ठरलेली झाडं. फांदी पाण्यावर झुकलेली असेल तर फारच उत्तम: विहीर, ओढा, शेततळं. बाभळीचे काटे आणि खाली पाणी, म्हणजे खोप्यापर्यंत पोचणं साप-उंदरांना अवघड. कधी कधी खोपे रस्त्याकडेच्या तारांनाही टांगलेले दिसतात.

जुने खोपे झाडाच्या कुठल्या बाजूला आहेत तेही तेव्हाच टिपून ठेवा. मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं. बऱ्याच वसाहतींत खोपे पूर्वेच्या अंगाला जास्त असतात. नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून असं होत असावं, असं मानलं जातं. आपल्या झाडाबाबत ते खरं आहे का, हे स्वतः मोजून बघण्यात वेगळा आनंद आहे.

आणखी एक गोष्ट मे महिन्यात बघून ठेवायची, ती म्हणजे जवळचं लांब पात्याचं गवत. ऊस असेल, भात असेल, बांधावरचं उंच गवत असेल. खोप्याचा कच्चा माल तिथून येणार. पाऊस पडून पाती पुरेशी लांब झाली की विणकाम सुरू होतं. म्हणून कॅलेंडरपेक्षा गवताकडे बघा.

कुठे उभं राहायचं, सोबत काय घ्यायचं

आठ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण, वही, पेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे. झाडापासून २५-३० मीटरवर, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा आणि दर वेळी तिथेच उभे राहा. पक्ष्यांना एका जागचा माणूस सवयीचा होतो. रोज नव्या कोपऱ्यातून डोकावणारा होत नाही. उजाडल्यापासूनचे तीन तास सगळ्यात चांगले. दुपारी काम मंदावतं, उन्हं उतरल्यावर पुन्हा वेग घेतं.

झाडाखाली जाऊन वर बघू नका. फांदी ओढून खोप्यात डोकावणं तर अजिबात नको. पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं. पाळण्यासाठी सुगरण पकडणं हाही गुन्हाच.

पहिला आठवडा: पातं कसं चिरतो ते बघा

बहुतेक जण दुर्बीण थेट खोप्याकडे रोखतात. पहिले काही दिवस ती गवताकडे वळवा. नर उसाच्या किंवा गवताच्या पात्यावर आडवा बसतो. पात्याच्या कडेला, बुडाच्या बाजूला, चोचीने एक खाच पाडतो. खाचेपाशी सुटलेली कड चोचीत घट्ट पकडतो आणि झेप घेतो. उडण्याच्या जोरानेच पट्टी पात्यावरून टोकापर्यंत सर्रकन सुटत जाते. मागे पात्याची एक बाजू करवतल्यासारखी उरते आणि नर मागे लांब हिरवी रिबीन सोडत झाडाकडे निघालेला असतो. ही पट्टी २० पासून ६० सेंटीमीटरपर्यंत लांब असते. एक खोपा पुरा करायला अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात.

हे एकदा दिसलं की बांधावरचं गवत तुम्ही वेगळ्याच नजरेने बघू लागता. एका कडेने चिरलेली पाती दिसली की वसाहत जवळच आहे. अनोळखी गावात झाड शोधायला मला या खुणेचा फार उपयोग झाला आहे.

झाडावर चोऱ्याही चालतात. शेजारचा नर मालासाठी बाहेर गेला की दुसरा त्याच्या खोप्यातली पट्टी उपसून नेतो. म्हणून विणणारा नर मध्येच काम टाकून शेजाऱ्यावर धावून जाताना दिसेल. ते भांडण कशावरून जुंपलं ते आता तुम्हाला कळेल.

गाठ, कडं आणि हेल्मेट

पहिली पट्टी फांदीच्या टोकाशी गुंडाळली जाते. पाय पट्टी दाबून धरतात, चोच तिचं टोक वेढ्याखालून ओढून काढते. चोच आणि पाय एवढ्यावर पक्षी खरीखुरी गाठ मारतो. अशा वेढ्यांचा एक भक्कम देठ तयार झाला की त्याच्याखाली उभं कडं आकाराला येतं. हे कडं म्हणजे विणकराचं आसन. पुढचं सगळं काम नर या कड्यात बसून करतो, चोच पोचेल तिथवर, एकदा एका अंगाला आणि मग दुसऱ्या.

कड्याच्या एका बाजूला फुगीर घुमट वाढत जातो. ही अंड्यांची खोली. दुसऱ्या बाजूला छोटं छप्पर, जिथून पुढे नळी निघणार. या अवस्थेत खोपा खालून उघडा असतो आणि टांगलेल्या हेल्मेटसारखा दिसतो. पक्षीनिरीक्षकही त्याला हेल्मेट अवस्था म्हणतात. इथवर यायला साधारण आठ दिवस लागतात, पूर्ण खोप्याला अठरा.

आणि इथे नर थांबतो. अर्ध्यावर सोडलेले, उघडे खोपे लोकांना फसलेले किंवा पावसाने मोडलेले वाटतात. मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं आणि वहीत मी त्यांच्यापुढे ‘वाया गेले’ असं लिहून ठेवलं होतं. ते वाया गेलेले नव्हते. ते मादीची वाट बघत थांबलेले होते.

याच सुमाराला खोप्याच्या आतल्या बाजूला ओल्या चिखलाचे, शेणाचे गोळे चिकटवले जातात. सुगरण त्या चिखलात काजवे खोचून घरात उजेड करते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते तसं नाही. वाऱ्यात हेलकावणाऱ्या हलक्या खोप्याला वजन मिळावं, यासाठी हा चिखल असावा असं काही अभ्यासक मानतात. जोराच्या वाऱ्यात चिखल लावलेलं हेल्मेट आणि नुसतं कडं शेजारी शेजारी असतील तर दोघांचं हलणं ताडून बघा.

मादी येते तो दिवस

हा दिवस चुकवू नका. तो आधी कानाला कळतो. रोजची चिटचिट एकदम वाढते, तिच्यात घोगरा, लांबवलेला सूर मिसळतो आणि सगळे नर एका वेळी ओरडू लागतात. प्रत्येक जण आपापल्या हेल्मेटला खालून लटकून पंख फडफडवतो. झाडभर पिवळं काहीतरी थरथरतंय असं लांबून वाटतं. मग नीट बघितलं की त्या गोंधळात तपकिरी, साध्या रंगाचे पक्षी शांतपणे फिरताना दिसतात. त्या माद्या.

मादी एका हेल्मेटमध्ये शिरते. आत बसून इकडेतिकडे चोच लावते, पट्ट्या ओढून बघते. कधी अर्ध्या मिनिटात निघून शेजारी जाते, कधी बराच वेळ बसते. नर बाहेर लटकून फडफडतच असतो. मादी विणीची सफाई तपासत असावी असं आपल्याला वाटतं, पण एका अभ्यासात दिसलं की तिच्या पसंतीत विणीपेक्षा जागेला वजन जास्त असतं. उंचावरचे, बारीक फांदीला टांगलेले खोपे तिला अधिक भावतात. तुमच्या वहीत कुठल्या उंचीवरचे खोपे आधी पुरे होतात त्याची नोंद ठेवलीत तर हे स्वतः पडताळता येईल.

मादी राहिली की नर खोलीचा तळ बंद करतो आणि नळी खाली सोडू लागतो. ते काम आटोपत आलं की त्याच झाडावर पुढचा खोपा सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. एका हंगामात एका नराच्या घरी अशा एकापाठोपाठ एक माद्या नांदतात. हे कोडं उलगडलं ते आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला. १९३०च्या सुमाराला पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली तिथे राहत होते तेव्हा त्यांनी सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस बसून पाहिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली त्यांनी ते मांडलं. हे काम महागड्या साधनांनी झालेलं नाही. ते झालं एका जागी बसून राहण्याने, आणि म्हणूनच मला ते इतकं जवळचं वाटतं.

रंगावरून खोप्याचं वय

या लेखातला सगळ्यात कामाचा भाग माझ्या मते हा आहे. ताजी पट्टी हिरवीगार असते. दोन-चार दिवसांत ती फिकी पडते, आठवड्याभरात पिवळट आणि मग तपकिरी होते. पावसाच्या झडीत हे सावकाश होतं, उघडीप पडली की भराभर. एवढं धरून झाडाकडे बघा.

पूर्ण हिरवं हेल्मेट म्हणजे काम जोरात चालू आहे. पिवळं पडलेलं हेल्मेट आणि आसपास नर नाही, म्हणजे मादीने नाकारलेलं, नराने सोडून दिलेलं. खोली पिवळी पण नळी हिरवी, म्हणजे हेल्मेट काही दिवस तसंच राहिलं आणि मग मादी आली. खोली, नळी दोन्ही हिरव्या असतील तर हेल्मेट होताच पसंत पडलं. सगळं तपकिरी, नळी पूर्ण, आणि मादी चोचीत किडे घेऊन ये-जा करतेय, तर आत पिल्लं आहेत. एका फोटोवरूनही हे वाचता येतं, पण दर आठवड्याचे फोटो एकापुढे एक ठेवले की प्रत्येक खोप्याची गोष्टच समोर येते.

वही

पहिल्याच आठवड्यात झाडाचं ढोबळ चित्र काढा आणि प्रत्येक खोप्याला क्रमांक द्या. नवे येतील तसे पुढचे क्रमांक. दर भेटीत प्रत्येकापुढे एक शब्द पुरतो: कडं, हेल्मेट, नळी, रिकामा, पडला. सोबत रंग. तारीख, वेळ, पाऊस, वारा.

एक चूक हमखास होते. चाळीस खोपे म्हणजे चाळीस जोड्या असं गणित मांडलं जातं. एकेक नर अनेक खोपे बांधतो आणि त्यातले कित्येक हेल्मेटपाशीच थांबतात, त्यामुळे खोप्यांच्या संख्येवरून पक्ष्यांची संख्या काढता येत नाही. किती माद्या नांदल्या याचा अंदाज हवा असेल तर फक्त पूर्ण नळीचे आणि मादी ये-जा करताना दिसलेले खोपे मोजा.

अंडी आणि पिल्लं

हे आत घडतं, म्हणून आपल्याला हालचालींवरूनच समजून घ्यायचं. अंडी पांढरी, दोन ते चार. मादी एकटीच १४ ते १७ दिवस उबवते. या काळात खोपा शांत वाटतो आणि सोडून दिलाय अशी शंका येते, पण सकाळी अर्धा तास नजर ठेवली तर मादी नळीतून खाली निसटताना दिसते. येताना ती खालून सरळ वर झेपावते आणि पंख मिटून नळीत घुसते. पापणी लवली तर दिसायचीही नाही. एरवी धान्य आणि गवताचं बी खाणारा हा पक्षी पिल्लांसाठी किडे आणतो. साधारण १७ दिवसांत पिल्लं बाहेर पडतात.

कावळा खोपा फाडतो, सरडे, उंदीर, साप आत शिरतात. हे डोळ्यांसमोर घडताना फार वाईट वाटतं आणि दगड मारून हाकलावंसं वाटतं. हाकलू नका. दगडाने एक कावळा जाईल, पण पन्नास सुगरणी बिथरतील. तुम्ही नोंद करा.

हंगाम संपल्यावर पडलेला खोपा उलगडा

नोव्हेंबरच्या पुढे वाऱ्याने गळून पडलेला खोपा उचलायला हरकत नाही. झाडावरचे मात्र शोभेसाठी तोडू नका. चंदेरी मुनियांसारखे छोटे पक्षी हिवाळ्यात त्यांत आसरा घेतात, काही तर तिथेच वीण करतात.

पडलेला खोपा पांढऱ्या कापडावर ठेवा आणि वरून सुरुवात करा. देठाशी फांदीचा तुकडा असेल तर वेढे मोजून बघा. त्या भागात बोट घुसत नाही इतकी वीण दाट असते. मग बोटं आतून फिरवा. दोन्ही भागांच्या मधोमध एक जाड, गोल पट्टा हाताला लागेल. तेच पहिल्या आठवड्यातलं कडं, ज्यात बसून नराने सगळं विणलं. खोलीच्या बाजूला त्याचाच उंबरठा झालेला असतो, म्हणून खोपा वाऱ्यात हिंदकळला तरी अंडी नळीत घरंगळत नाहीत. छताजवळ खरखरीत, कडक गोळे लागतील: वाळलेला चिखल. नळी प्रकाशासमोर धरा. तिची वीण इतकी विरळ असते की पलीकडचा उजेड दिसतो.

मी दर वर्षी एक खोपा असा उलगडतो आणि वहीतल्या क्रमांकाशी जुळवतो. गेल्या खेपेला हातात आलेल्या खोप्याच्या खोलीतल्या पट्ट्या उसाच्या होत्या, रुंद आणि करकरीत, आणि नळीतल्या बांधावरच्या बारीक गवताच्या. वही उघडून बघितलं. ते हेल्मेट बारा दिवस रिकामं थांबलं होतं. मधल्या काळात शेजारच्या शेतातला ऊस तुटला होता.